विषारी पाणी आणि सजीव पेशी

पाणी दूषित झाले आहे असे आपण म्हणतो तेव्हा आपल्या मनात बहुधा तीनच गोष्टी असतात : पाण्याचा रंग, पाण्याचा वास आणि पाण्याची चव. ह्या तीन साक्षीदारांवर आपल्या वाडवडिलांचा विश्वास होता, आणि त्यांच्या काळापुरता तो बराचसा रास्तही होता. कारण आडाचे वा तळ्याचे पाणी नासे ते फार करून कुजलेल्या पानांनी, मेलेल्या जनावरांनी, नाहीतर गावच्या घाणीने. कारखान्यांच्या युगाने मात्र एक निराळेच पाणी निर्माण केले आहे. ते निवळशंख दिसते, त्याला वास येत नाही, चवीतही काही वेगळे जाणवत नाही. आणि तरीही ते पिणाऱ्याच्या शरीरातील पेशीच्या गाभ्यापर्यंत पोहोचून तेथील जन्मजात लेख बिघडवू शकते. असे पाणी कोठून येते, ते पेशीत काय करते, आणि मुख्य म्हणजे ते तसे करते हे शास्त्रज्ञ कसे ओळखतात, हे आज थोडे विस्ताराने सांगावयाचे आहे. उदाहरणादाखल मी बेंगळुरू, म्हणजे मराठी माणसाच्या तोंडी अजून रुळलेले बंगळूर, हे शहर घेतो.

बंगळूर निवडण्याचे कारण त्याच्या भूगोलात आहे. शहाजीराजांची जहागीर असलेले हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंचीवर, एका पाणलोटाच्या माथ्यावर वसले आहे. येथे मोठी नदी नाही. पश्चिमेकडे पडलेला पाऊस वृषभावती व अर्कावती ह्या नद्यांवाटे कावेरीला जातो. पूर्वेकडे पडलेला पाऊस दक्षिण पिनाकिनीच्या खोऱ्यात उतरतो. नदी नाही म्हणून जुन्या राज्यकर्त्यांनी तलावांची साखळी बांधली. वरचा तलाव भरला की सांडव्यातून पाणी खालच्या तलावात जावे, तो भरला की त्याच्या खालच्यात, अशी ती रचना होती. ज्या बुद्धीने ही साखळी पाणी साठविण्यासाठी रचली तीच साखळी पुढे घाण वाहून नेण्याच्या कामी आली. माथ्यावरच्या शहराने जे जे टाकले ते आपोआप शेजाऱ्याच्या शिवारात उतरू लागले. सपाटीवरच्या शहराची घाण त्याच्याच पायाशी तुंबते व मग त्याला तिची दखल घ्यावी लागते. उंचावरच्या शहराला ती सोय, म्हणा किंवा गैरसोय म्हणा, लाभलेली नाही.

ह्या शहराच्या वायव्येस पीण्या नावाची औद्योगिक वसाहत आहे. सत्तरच्या दशकात ती उभी राहिली आणि लवकरच देशातील मोठ्या वसाहतींत गणली जाऊ लागली. यंत्रांचे सुटे भाग, अवजारे, विजेची उपकरणे असे शेकडो प्रकारचे काम तेथे चालते, आणि ह्या कामांच्या पोटात आणखी एक लहानसे, बहुधा चार-दोन कामगारांच्या बळावर चालणारे काम असते : धातूवर मुलामा चढविण्याचे. सायकलीच्या दांडीवर, नळाच्या तोटीवर, गाडीच्या भागांवर जी चांदीसारखी चकाकी दिसते ती पुष्कळदा क्रोमियमची असते. ती चढविण्यासाठी क्रोमिक आम्लाच्या हौदात वस्तू बुडवून वीज सोडतात, आणि मग वस्तू साध्या पाण्यात खळबळून काढतात. ह्या खळबळलेल्या पाण्यातच सगळी गोम आहे. ते शुद्धीकरणाच्या टाकीत जावयास हवे. ते जेव्हा नाल्यात, अंगणातल्या शोषखड्ड्यात किंवा मोकळ्या जमिनीवर गेले, तेव्हा ते जमिनीखालच्या पाण्यात पोहोचले. केंद्रीय भूजल मंडळाच्या पाहणीत पीण्या भागातील भूजलात क्रोमियम पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेहून अधिक प्रमाणात आढळले आहे, आणि २००९ साली केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने देशातील औद्योगिक क्षेत्रांची जी क्रमवारी लावली तीत पीण्याची गणना 'तीव्र प्रदूषित' ह्या वर्गात झाली.

येथे एक सूक्ष्म भेद ध्यानात घ्यावा लागतो. क्रोमियम दोन मुख्य रूपांत आढळते. एक त्रिसंयुजी, दुसरे षट्‌संयुजी. त्रिसंयुजी क्रोमियम मातीच्या कणांना चिकटून बसते, पाण्याबरोबर फारसे हिंडत नाही आणि पेशीतही सहजासहजी शिरत नाही. षट्‌संयुजी क्रोमियम ह्याच्या अगदी उलट. पाण्यात ते क्रोमेट ह्या ऋणभारित रूपात असते. चिकणमातीचे कणही ऋणभारित असल्यामुळे ते त्याला धरून ठेवीत नाहीत. बंगळूरच्या जमिनीखाली वर मुरमाड माती आणि तिच्याखाली कठीण ग्रॅनाइटी खडक आहे. ह्या खडकातील भेगांतून पाणी वाहते आणि विंधणविहिरी त्याच भेगांना जाऊन भिडतात. एखाद्या कारखान्याच्या अंगणात मुरलेले क्रोमेट भेगेभेगेने सरकत दुसऱ्याच्याच विहिरीत कधी वर येईल हे नकाशावर रेघ ओढून सांगता येत नाही. मधल्या काळात तो कारखाना बंद पडलेला असतो, मालक बदललेला असतो, कधी जागेवर नवी इमारतही उभी राहिलेली असते. जमिनीला मात्र ह्या हस्तांतराची नोंद घ्यावी लागत नाही. शेजारच्या तामिळनाडूत राणीपेट येथे एक क्रोमेटचा कारखाना बंद पडून वर्षे लोटली, तरी त्याच्या आवारातील क्रोमियमयुक्त कचऱ्याचे ढीग आपले काम करीतच राहिले.

विष साठण्याची दुसरी जागा म्हणजे शहराच्या कचऱ्याचे डोंगर. बंगळूरच्या उत्तरेस मावळ्ळीपुरा आणि पूर्वेस मंडूर ह्या गावांशेजारी वर्षानुवर्षे शहराचा कचरा टाकला गेला. गावकऱ्यांच्या विरोधानंतर मावळ्ळीपुऱ्यास २०१२ साली आणि मंडूरला डिसेंबर २०१४ पासून कचरा टाकणे थांबले. टाकणे थांबले म्हणजे पाझरणे थांबले असा मात्र अर्थ नव्हे. कचऱ्याच्या ढिगावर पाऊस पडतो, तो आत मुरतो, आणि खालून काळसर, उग्र वासाचे पाणी बाहेर येते. ताज्या कचऱ्यात सुरुवातीस आम्ले तयार होतात. ह्या आम्लांत विजेच्या घटांतील शिसे व कॅडमियम, रंगांतील आणि सुट्या भागांतील निकेल व जस्त असे धातू विरघळतात. त्यांच्या जोडीला अमोनिया असतो आणि असंख्य सेंद्रिय रसायने असतात. भारतीय विज्ञान संस्थेच्या संशोधकांनी मावळ्ळीपुऱ्याच्या ह्या पाझराचा व आसपासच्या पाण्याचा अभ्यास केलेला आहे. १९०९ साली स्थापन झालेली ही संस्था पीण्यापासून काही किलोमीटरांवर आहे. जगातील उत्तमोत्तम पेशीसंशोधन ज्या शहरात चालते त्याच शहराच्या कडेला हे पाणी पाझरत असावे, ह्यात विरोधाभास आहे खरा. पण संशोधकाच्या दृष्टीने पाहिले तर प्रयोगशाळा आणि प्रश्न एकमेकांच्या इतके जवळ क्वचितच येतात.

बेळ्ळंदूर तलावाची गोष्ट बहुतेकांनी वृत्तपत्रांत वाचली असेल. सुमारे ९०० एकरांचा हा तलाव मे २०१५ मध्ये पेटला. पाण्यावर आग ही गोष्ट ऐकणाऱ्याला पुराणातली वाटावी, पण ती पुन्हा फेब्रुवारी २०१७ आणि जानेवारी २०१८ मध्येही घडली. तलावावर पांढऱ्या फेसाचे ढीग जमत आणि वाऱ्याबरोबर रस्त्यांवर उडत. हा फेस मुख्यतः धुण्याच्या पावडरींतील फेसकारी द्रव्यांचा. तो दिसतो, म्हणून त्याची चर्चा झाली. पीण्याचे क्रोमियम दिसत नाही, म्हणून त्याची तेवढी होत नाही. वस्तुतः पेशीच्या दृष्टीने दोन्ही शत्रूच आहेत, फक्त त्यांची चढाईची रीत निराळी आहे. आणि ती समजण्यासाठी आता पेशीकडे वळावयास हवे.

प्रत्येक सजीव पेशीभोवती एक पातळ पडदा असतो. तो मेदाच्या दोन थरांचा बनलेला असतो. आतल्या व बाहेरच्या पाण्यांना अलग ठेवणे हे त्याचे काम. धुण्याची पावडर कपड्यावरचा तेलकट डाग ज्या गुणाने सोडविते त्याच गुणाने ती ह्या मेदाच्या पडद्यालाही सोडविते. प्रयोगशाळेत पेशी फोडून तिच्यातील द्रव्ये बाहेर काढावयाची असतात तेव्हा शास्त्रज्ञ असलेच एखादे द्रव्य मुद्दाम वापरतात. माशाचे कल्ले म्हणजे अशा पातळ पडद्यांचे अतिशय नाजूक जाळे असल्यामुळे फेसाळ पाण्याचा पहिला मार त्यांनाच बसतो. ही उघड चढाई झाली.

धातूंची चढाई उघड नसते. पेशीच्या पडद्यात ठिकठिकाणी प्रथिनांच्या वेशी असतात. पेशीला लागणारे गंधक, चुना, जस्त, स्फुरद हे पदार्थ ह्या वेशींतून आत घेतले जातात. प्रत्येक वेशीवर जणू पहारेकरी असतो आणि तो येणाऱ्याला त्याच्या आकारावरून व विद्युत्‌भारावरून ओळखतो. ओळख पटविण्याची ह्याहून चांगली रीत निसर्गाला आजवर लागलीच नव्हती, कारण जी द्रव्ये खडकात बंदिस्त होती ती वेशीपर्यंत येण्याचा प्रसंगच विरळा. माणसाने ती खणून, वितळवून, विरघळवून पाण्यात सोडली तेव्हा ह्या पहारेकऱ्याची फसगत होऊ लागली. आपल्या खेड्यापाड्यांतून बहुरूपी फौजदाराचा वेष घेऊन दारात उभा राही आणि घरधनी क्षणभर खरोखरच गोंधळून जाई. तसेच काहीसे येथे घडते. क्रोमेटचा आकार आणि भार गंधकाच्या सल्फेटासारखा असतो, म्हणून ते सल्फेटाच्या वेशीतून आत जाते. शिसे चुन्याचा, म्हणजे कॅल्शियमचा, वेष घेते. कॅडमियम कधी जस्ताचा तर कधी कॅल्शियमचा. आर्सेनिकाचे एक रूप स्फुरदाच्या फॉस्फेटासारखे दिसते. पाऱ्याच्या एका सेंद्रिय संयुगाची तऱ्हा तर आणखी अजब : ते एका अमिनो आम्लाला चिकटून दुसऱ्याच एका अमिनो आम्लासारखे दिसू लागते आणि मेंदूच्या वेशीवरूनही आत जाते. जपानमधील मिनामाता येथे १९५६ साली जी व्याधी उघडकीस आली तिच्या मुळाशी पाऱ्याचा हाच वेषपालट होता.

बहुरूप्याचा खेळ संपला की तो आपली बिदागी घेऊन निघून जातो. हे पाहुणे जात नाहीत. शिसे रक्तातील रंगद्रव्य घडविणाऱ्या एका विकराला निकामी करते. कॅडमियम मूत्रपिंडात जाऊन बसते आणि तेथे त्याचे वास्तव्य दशकांच्या हिशेबाने मोजावे लागते. जपानच्याच जिंझू नदीकाठच्या स्त्रियांची हाडे ठिसूळ होऊन त्यांना असह्य वेदना होत. खाणीतून नदीत आणि नदीतून भातशेतीत गेलेले कॅडमियम हे त्याचे कारण होते, आणि जपानी शासनाने ते १९६८ साली अधिकृतपणे मान्य केले. पेशीजवळ बचावाचे साधन अगदीच नाही असे नव्हे. १९५७ साली घोड्याच्या मूत्रपिंडातून गंधकाने समृद्ध असे एक लहानसे प्रथिन वेगळे करण्यात आले. मेटॅलोथायोनिन हे त्याचे नाव. कॅडमियम आत आले की पेशी हे प्रथिन अधिकाधिक तयार करून त्याला जखडून ठेवते. पण कोठडी भरली की उरलेले कैदी मोकळे सुटतात.

षट्‌संयुजी क्रोमियमाच्या बाबतीत घडते ते मला सर्वांत विलक्षण वाटते. पेशीत शिरलेल्या क्रोमेटाला क जीवनसत्त्व, ग्लुटाथायोन यांसारखी द्रव्ये ताबडतोब गाठतात आणि त्याला इलेक्ट्रॉन देऊन टप्प्याटप्प्याने त्रिसंयुजी रूपात आणतात. बाहेर असते तर हे त्याचे निरुपद्रवी रूप. परंतु ह्या उतरणीच्या वाटेवर अतिशय चळवळे असे मधले टप्पे आणि प्राणवायूचे उपद्रवी कण निर्माण होतात. आणि अखेरचे त्रिसंयुजी क्रोमियम आता पेशीच्या आतच अडकलेले असल्यामुळे ते केंद्रकातील डीएनएला घट्ट चिकटते. आनुवंशिक लेखाच्या दोन ओळी एकमेकींना शिवल्या जातात, कोठे धागा तुटतो, कोठे अक्षर बदलते. म्हणजे विष उतरविण्याचा पेशीचा प्रयत्न हाच तिच्या घाताचा मार्ग ठरतो. जठरातील आम्ल पोटात गेलेल्या षट्‌संयुजी क्रोमियमापैकी पुष्कळसे आधीच निवारते हे खरे. म्हणून फार दिवस असा समज होता की श्वासावाटे गेलेले क्रोमियम तेवढे घातक, पाण्यावाटे गेलेले नव्हे. २००८ साली अमेरिकेतील राष्ट्रीय विषविज्ञान कार्यक्रमाने प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ह्या द्रव्याचे पाणी पाजलेल्या उंदरांना तोंडात व लहान आतड्यात गाठी झाल्या आणि हा समज मोडला.

डीएनएची मोडतोड ही काही केवळ विषाचीच करणी नव्हे. निरोगी पेशीतही दररोज हजारो ठिकाणी ती होत असते, आणि दुरुस्त करणारी विकरे ती निस्तरीतही असतात. जुन्या वाड्याची डागडुजी करणारा गवंडी घरातच राहावा तशी ही व्यवस्था आहे. क्रोमियम भिंत पाडते. कॅडमियम आणि आर्सेनिक भिंत तितकीशी पाडीत नाहीत. ते गवंड्याचे हात धरतात. आता विचार करा, ज्या पाण्यात दोन्ही आहेत त्या पाण्याचे काय? आपल्या देशात पिण्याच्या पाण्यासाठी भारतीय मानक १०५०० लागू आहे. त्याप्रमाणे एका लिटरमध्ये क्रोमियम ०.०५ मिलिग्रॅमहून, शिसे व आर्सेनिक प्रत्येकी ०.०१ मिलिग्रॅमहून आणि कॅडमियम ०.००३ मिलिग्रॅमहून अधिक असता कामा नये. हे आकडे विचारपूर्वक ठरविलेले आहेत आणि त्यांच्याविषयी मला आदरच आहे. पण तक्त्यात प्रत्येक धातूला स्वतंत्र ओळ असते. पेशीत त्यांना स्वतंत्र खोल्या नसतात. चारही धातू आपापल्या मर्यादेच्या किंचित आत असले तर चारही ओळींपुढे 'समाधानकारक' असा शेरा येईल, आणि तो शेरा नियमाला धरूनच असेल. शिवाय तक्ता आपण विचारलेल्या प्रश्नांचीच उत्तरे देतो. ज्या रसायनाचे नाव तक्त्यात नाही त्याची चाचणी होत नाही, आणि कचऱ्याच्या पाझरातील कित्येक रसायनांना अजून तक्त्यात जागा मिळालेली नाही.

ही उणीव कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आली नव्हती असेही नाही. पर्यावरण संरक्षण नियम, १९८६ ह्यांच्या अनुसूचीत कारखान्याच्या सांडपाण्यासाठी एक सजीव कसोटी सांगितलेली आहे : त्या पाण्यात काहीही न मिसळता मासे सोडावेत, आणि ९६ तासांनंतर त्यांतील ९० टक्के मासे जिवंत असावेत. कल्पना उत्तम आहे. पाण्यात काय आहे एवढेच न विचारता पाणी जिवाला काय करते हे ती विचारते. तथापि ती मृत्यूची कसोटी आहे, इजेची नव्हे. चार दिवसांनी पोहत असलेला मासा उत्तीर्ण होतो. त्याच्या पेशींत काय मोडले आहे हे कोणी त्याला विचारीत नाही. गंमत अशी की ते विचारता येते, आणि तेही फारशा खर्चावाचून. माशाच्या तांबड्या रक्तपेशींत आपल्या तांबड्या पेशींप्रमाणे केंद्रक नाहीसे झालेले नसते. म्हणून त्याच्या रक्ताचा एक थेंब काचेवर पसरून, रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मुख्य केंद्रकाशेजारी कधी कधी एक बारीक ठिपका दिसतो. पेशी दुभंगताना मागे राहिलेला गुणसूत्राचा तो तुकडा. त्याला सूक्ष्मकेंद्रक म्हणतात. असे ठिपके स्वच्छ पाण्यातील माशात थोडे आणि दूषित पाण्यातील माशात अधिक आढळले, तर जिवंत माशानेही साक्ष दिली असे समजावे.

परंतु ह्या सर्व परीक्षांत मला सर्वांत प्रिय आहे ती कांद्याची परीक्षा. स्वीडनमधील लुंड येथील आल्बर्ट लेव्हान ह्यांनी १९३८ साली कांद्याच्या मुळांवर कॉल्चिसीन ह्या द्रव्याचा परिणाम अभ्यासला आणि ह्या परीक्षेचा पाया घातला. हेच लेव्हान पुढे १९५६ साली जो-हिन त्जियो ह्यांच्यासह माणसाची गुणसूत्रे ४८ नसून ४६ आहेत हे दाखविणार होते. ज्या डोळ्यांनी कांद्याची गुणसूत्रे मोजली त्यांनीच माणसाची मोजणी दुरुस्त केली असे म्हणावयास हरकत नाही. पुढे १९८५ साली त्यांच्याच देशातील गेरिड फिस्केश्यो ह्या विदुषींनी पाण्याच्या प्रदूषणासाठी ही प्रमाणित कसोटी म्हणून वापरावी असे सुचविले.

कांदाच का? कारण त्याच्या पेशीत गुणसूत्रे अवघी १६ असतात, आणि ती इतकी मोठी असतात की महाविद्यालयातील साध्या सूक्ष्मदर्शकाखालीही मोजता येतात. मूळ वाढते ते टोकाशी. त्या टोकाच्या एखाद-दुसऱ्या मिलिमीटरमध्ये पेशी सतत दुभंगत असतात. रीत अशी. लहान, सारख्या आकाराचे, निरोगी कांदे घ्यावेत. साठवणीत कोंब फुटू नयेत म्हणून प्रक्रिया केलेले कांदे चालत नाहीत. वाळलेली मुळे खरडून कांद्याचा तळ पाण्याला लागेल अशा बेताने तो लहान पेल्यावर ठेवावा. काही पेल्यांत परीक्षेचे पाणी, तर काहींत तुलनेसाठी शुद्ध पाणी. तीन-चार दिवसांत मुळांची पांढरी दाढी वाढते. पहिली साक्ष तर नुसत्या पट्टीने मिळते : विषारी पाण्यातील मुळे आखूड राहतात, कधी आकड्यासारखी वाकतात. मग टोके कापून मद्यार्क व असेटिक आम्ल ह्यांच्या मिश्रणात ठेवतात, आम्लात किंचित मऊ करतात, रंगवितात आणि काचेखाली हलकेच दाबून पसरवितात.

सूक्ष्मदर्शकाखाली जे दिसते ते ज्याने एकदा पाहिले तो विसरत नाही. निरोगी मुळात दुभंगणाऱ्या पेशींची गुणसूत्रे आधी मध्यभागी रांग धरतात आणि मग दोन सारख्या तुकड्या होऊन दोन टोकांना निघून जातात. विषारी पाण्यातील मुळात ही शिस्त मोडलेली असते. एखादे गुणसूत्र वाटेतच मागे राहते. कोठे दोन टोकांच्या मध्ये एक लांब पूल ताणलेला दिसतो. कोठे तुटके तुकडे एकटेच पडलेले असतात, कोठे सारी गुणसूत्रे चिकटून गोळा झालेली असतात. शिवाय दुभंगणाऱ्या पेशींची एकूण संख्याच घटलेली असते. संशोधक एकेका मुळातील शेकडो पेशी मोजतो, आणि कोणती काच कोणत्या पेल्याची हे त्याला मोजून होईपर्यंत कळू दिले जात नाही. कारण डोळा प्रामाणिक असला तरी मन पक्षपाती असू शकते.

कांद्याच्या जोडीला आणखी दोन परीक्षा वापरात आहेत. कॅलिफोर्नियातील ब्रूस एम्स ह्यांनी सत्तरच्या दशकात एक अपंग जीवाणू उपयोगात आणला. हिस्टिडीन हे अमिनो आम्ल त्याला स्वतः तयार करता येत नाही, म्हणून ते नसलेल्या अन्नावर तो वाढत नाही. संशयित द्रव्यामुळे त्याच्या डीएनएत बदल होऊन काही जीवाणूंना ती शक्ती परत मिळाली की ताटलीवर त्यांच्या वसाहती उगवतात, आणि जितक्या अधिक वसाहती तितके ते द्रव्य अधिक संशयास्पद. दुसरी आहे ती धूमकेतू-चाचणी. १९८४ साली ती स्वीडनमध्ये सुचली आणि १९८८ साली नरेंद्र सिंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी तिला अधिक सूक्ष्म रूप दिले. एकेक पेशी पारदर्शक जेलीत बसवून, तिचा पडदा विरघळवून, विजेच्या क्षेत्रात ठेवतात. अखंड डीएनए गोळ्यासारखा जागेवर राहतो. तुटलेला धनाग्राकडे वाहतो आणि मागे शेपटी दिसू लागते. शेपटी जितकी लांब व दाट तितकी मोडतोड जास्त. ह्या परीक्षेतील चित्र इतके मोहक असते की ते एका हानीचे चित्र आहे ह्याचा क्षणभर विसर पडावा.

ह्या परीक्षांच्या मर्यादाही सांगितल्या पाहिजेत, नाहीतर उत्साहाच्या भरात अन्याय व्हावयाचा. कांद्याला यकृत नाही, आतडे नाही, माणसासारखे जठरातील आम्ल नाही. कांद्याच्या मुळातील गुणसूत्रे तुटली म्हणून ते पाणी पिणाऱ्याला अमुक व्याधी होईल असे म्हणता येत नाही. कोणत्या द्रव्याने ती तोडली हेही कांदा सांगत नाही. त्यासाठी रसायनशास्त्रज्ञाकडेच जावे लागते. म्हणून एकाने दुसऱ्याची जागा घ्यावी असे नसून दोघांनी मिळून साक्ष द्यावी, आणि रासायनिक तक्ता 'समाधानकारक' असूनही कांदा नाही म्हणाला, तर तो विषय तेथेच मिटवू नये, एवढाच माझा आग्रह आहे. जेथे विष साठल्याचा संशय आहे अशा जागांभोवतालच्या विहिरींचा रासायनिक तक्ता मागविताना त्याच्याबरोबर कांद्याचा निष्कर्षही मागवावा, ही काही फार खर्चाची गोष्ट नाही. सूक्ष्मदर्शक, काचा, रंग आणि मोजणाऱ्याचा वेळ एवढेच भांडवल त्याला लागते, आणि ते तालुक्याच्या महाविद्यालयातही असते. वृषभावतीचे पाणी बैरमंगल जलाशयावाटे शेतांना दिले जाते. तेथील शेतकऱ्याच्या मुलाला ही परीक्षा आपल्या महाविद्यालयात करता यावी, ह्यात शिक्षणाचाही लाभ आहे.

नमुना घेणे हे ह्या कामातील सर्वांत दुर्लक्षित अंग. धातू मोजावयाचे असतील तर नमुन्यात थेंबभर नायट्रिक आम्ल घालतात, म्हणजे धातू बाटलीच्या कडांना चिकटत नाहीत. तीच बाटली पेशींच्या परीक्षेला दिली तर मुळे आम्लानेच करपतील आणि दोष विहिरीवर येईल. षट्‌संयुजी क्रोमियमासाठीही आम्ल घातलेली बाटली उपयोगाची नाही, कारण आम्लात ते आपले रूप बदलते. त्याच्यासाठी वेगळा नमुना थंड ठेवून लवकर परीक्षावा लागतो. डायफिनिलकार्बाझाइड घालताच त्याला सुंदर जांभळट लाल रंग येतो. म्हणजे एका विहिरीच्या एका नमुन्यासाठी तीन बाटल्या. व्यवहारात पुष्कळदा एकच बाटली जाते, आणि तिच्यावरील चिठ्ठीत विहिरीचा क्रमांक असतो, पण ती किती खोल आहे, उपसा सुरू होऊन किती वेळ झाला होता, आदल्या आठवड्यात पाऊस पडला होता की नाही, हे नसते. पावसाची नोंद तर अत्यंत आवश्यक. उन्हाळ्यात भूजल खाली गेलेले असते आणि वरच्या मातीच्या थरात विष कोरडे पडून राहते. नैर्ऋत्य मोसमी पावसात, आणि बंगळूरला तर ऑक्टोबरातल्या पावसातही, पाण्याची पातळी वर चढून त्या थराला भिडते आणि साठलेले क्रोमेट पुन्हा विरघळवून घेते. मे महिन्यात निर्दोष ठरलेली विहीर नोव्हेंबरात सदोष ठरू शकते, ती ह्यामुळे. म्हणून नमुने निदान दोनदा घ्यावेत, एकदा पावसाळ्यापूर्वी व एकदा पावसाळा संपल्यावर. आणि दोन्ही वेळा कांदा मात्र एकाच वाणाचा घ्यावा.